खंबायत : गाळाने बुजलेले बंदर

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली ते दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते. पाणी ओसरले आणि मागे राहिला तो गाळ. कपाटांच्या मागे, शिलाई मशीनच्या पायट्यात, देवघराच्या फरशीवर, जिकडे पाहावे तिकडे बोटभर चिकट माती. आम्ही दोन दिवस फावडे आणि घमेले घेऊन तीच उपसत होतो. आईने जिन्यावर बसल्या बसल्या विचारले, "अरे, ही एवढी माती आपल्या घरात आली नसती, तर गेली कुठे असती?"

आम्ही घमेले उचलता उचलता म्हणालो, "खंबायतेला."

"म्हणजे खंभातला? तिथे कशाला?"

त्या वेळी उत्तर द्यायला सवड नव्हती. सालाबादप्रमाणे स्मरणिकेसाठी काही लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा आईचा तो प्रश्न आठवला. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलेले, सरकारी नोकरीत कॅनॉलवर वीस वर्षे काढलेले. इतिहासाचे पंडित नव्हेत. परंतु गाळ हा आमचा रोजचा विषय आहे आणि खंबायतेचा इतिहास हा बराचसा गाळाचाच इतिहास आहे. म्हणून हे धाडस.

पावागढच्या डोंगरात उगम पावलेली विश्वामित्री बडोद्यातून वाकडीतिकडी वाहत पुढे पिंगळवाडाजवळ ढाढर नदीला मिळते आणि ढाढर जाऊन पडते ती खंबायतेच्या आखातात. म्हणजे आपल्या अंगणातली माती पावसाळ्यात वाहून अखेर त्याच आखाताच्या तळाशी बसते. ज्या आखाताने एकेकाळी सगळ्या जगाचा व्यापार हिंदुस्थानात आणला, ते बुजवण्यात आपल्या नदीचाही खारीचा वाटा आहे.

समुद्र कुठे आहे?

पुरानंतरच्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब खंबायतेला गेलो. वासदचा पूल ओलांडून बोरसदमार्गे सुमारे 80 किलोमीटरचा रस्ता. जुन्या मराठी कागदांत या गावाला 'खंबायत' म्हटले आहे, म्हणून आम्हीही तेच नाव वापरतो. गावात जामा मशीद पाहिली. ती 1325 सालची आहे. अकीकाचे खडे घासणाऱ्यांच्या गल्ल्या पाहिल्या, हलवासन आणि सुतरफेणी घेतली, आणि मग मुलांनी विचारले, "आता समुद्र दाखवा ना."

किनाऱ्यावर गेलो तर समोर करड्या चिखलाचे मैदान. ओहोटीची वेळ होती. नजर पोहोचेल तिथपर्यंत चिखल आणि त्यापलीकडे कुठेतरी पाण्याची रुपेरी रेघ. आमचे चिरंजीव चपला हातात घेऊन त्या रेघेकडे निघाले. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत आला. आम्ही गमतीने पाहत उभे होतो. एवढ्यात जाळे खांद्यावर टाकून परतणारा एक माणूस मोठ्याने ओरडला, "पाछो वळ, भाई! भरती आवे छे!" त्याच्या आवाजातली घाई ऐकून आमच्या काळजात धस्स झाले. चिरंजीव मागे फिरले, पण चिखलातून पाय काढायला वेळ लागत होता. शेवटी त्या भल्या माणसानेच पुढे जाऊन हात दिला. ते दोघे काठावर आले आणि काही वेळात, जिथे मुलगा उभा होता तिथे पाणी खळाळत होते.

घरी आल्यावर वाचनात आले, की अल्-मसूदी हा अरब प्रवासी इसवी सन 915 च्या सुमारास खंबायतेला आला होता. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर त्याने एक कुत्रा पाहिला. भरती आली, कुत्रा जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे धावला, पण पाण्याने त्याला गाठले आणि तो बुडाला. अकराशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि त्या रात्री पुढे वाचले नाही.

आखात भरते कसे

नकाशावर खंबायतेचे आखात नरसाळ्यासारखे दिसते. दक्षिणेला तोंड रुंद आणि उत्तरेकडे निमुळते होत गेलेले. अरबी समुद्राची भरती या रुंद तोंडातून आत शिरते आणि जागा कमी होत जाईल तशी वर चढते. म्हणून वरच्या भागात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांहूनही अधिक होतो. दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची उंची. जगात इतकी मोठी भरती फार थोड्या ठिकाणी येते.

याच नरसाळ्यात नद्या येऊन पडतात : साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी आणि सौराष्ट्राच्या बाजूने शेत्रुंजी. खंबायत वसले आहे नरसाळ्याच्या अगदी वरच्या टोकाला, महीच्या मुखाशी. साबरमतीचे मुखही तिथून जवळच. मही मध्य प्रदेशात विंध्याच्या डोंगरात उगम पावते आणि राजस्थानातून फिरून सुमारे 580 किलोमीटरचा प्रवास करून इथे येते. वासदच्या पुलावरून जाताना दोन्ही काठांना खोल घळी दिसतात. गुजरातीत त्यांना कोतर म्हणतात. दर पावसाळ्यात या कोतरांच्या कडा ढासळतात आणि ती माती नदी खाली नेते.

आता गाळ बसतो कसा, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पॉलिटेक्निकमध्ये आम्हांला केनेडीचा सिद्धांत शिकवला होता. केनेडी हा पंजाबातील कालव्यांवरचा इंजिनिअर. त्याने 1895 मध्ये दाखवून दिले, की पाण्याचा ठरावीक वेग राखला तर कालव्यात गाळ बसत नाही आणि काठही खरवडत नाहीत. वेग त्याहून कमी झाला की माती तळाशी बसू लागते. वाहते पाणी माती खांद्यावर घेऊन चालते आणि थबकले की ओझे खाली ठेवते, इतके हे सोपे आहे.

आखाताच्या वरच्या टोकाला दोन गोष्टी घडतात. भरती जोरात आत येते, ती तळाचा गाळ ढवळून सोबत आणते. ओहोटी मात्र संथपणे परतते, तिच्यात तेवढी ताकद नसते. आणलेले सगळे परत नेणे तिला जमत नाही. दुसरे म्हणजे, नदीच्या गोड्या पाण्यातली अतिबारीक माती खाऱ्या पाण्यात शिरली की तिचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. पावसाळ्यात नदीला पूर असतो तेव्हा यातला काही गाळ पुढे ढकलला जातो. उरलेले आठ महिने भरतीचेच राज्य. अशा जागी बंदर टिकले, हेच नवल आहे.

दोन हातांचे शहर

पण टिकले, आणि शतकानुशतके टिकले. आखाताच्या या टोकाला लोथल आहे. डॉ. एस. आर. राव यांच्या उत्खननात तिथे विटांनी बांधलेला सुमारे 214 मीटर लांबीचा हौद सापडला. तो जहाजांची गोदी होता की पाण्याचा तलाव, यावर विद्वानांत वाद आहे. परंतु साडेचार हजार वर्षांपूर्वी इथून सागरी व्यापार चालत होता यात शंका नाही. आज लोथल समुद्रापासून बरेच आत पडले आहे.

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भरूचला येणाऱ्या जहाजांची हकीकत आहे. आखाताचे तोंड धोक्याचे, उथळ, भरती भयंकर. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन समोर जात आणि परदेशी जहाजांना भरतीच्या वेळा साधून टप्प्याटप्प्याने आत आणत. म्हणजे हे बंदर पाण्याच्या खोलीवर चालत नव्हते. ते चालत होते भरतीचे वेळापत्रक पाठ असलेल्या माणसांवर. आमच्या मुलाला हात देणारा तो गृहस्थ त्याच विद्येचा वारसदार, असे आम्हांला वाटते.

तेराव्या-चौदाव्या शतकात खंबायत ऐन भरात होते. कापड, नीळ, कातडी, अकीकाचे मणी इथून जात, घोडे आणि सोनेचांदी येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या शहराची नोंद केली. 1299 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या सरदारांनी खंबायत लुटले. पुढे देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर त्याच लुटीत दिल्लीकरांच्या हाती लागला होता. 1342 मध्ये इब्न बतूता आला. त्याने या शहराच्या इमारतींची तोंड भरून स्तुती केली, पण त्याच वेळी हेही लिहून ठेवले, की ओहोटीला इथली जहाजे चिखलात टेकतात आणि भरती आली की तरंगतात. इथल्या कारागिरांनी कोरलेले संगमरवरी कबरीचे दगड थेट जावा-सुमात्रापर्यंत गेले. जावातील ग्रेसिक येथे 1419 सालची अशी कबर आजही आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तोमे पिरेस या पोर्तुगीजाने खंबायतेला दोन हात पसरलेल्या माणसाची उपमा दिली. एक हात एडनला, दुसरा मलाक्काला. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने 1583 मध्ये अकबराला पत्र पाठवले, तेव्हा त्याला 'खंबायतेचा राजा' म्हणून संबोधले होते. इंग्रजांना दिल्ली-आग्र्याआधी खंबायत ठाऊक होते.

त्या अकबराने समुद्र प्रथम पाहिला तो 1572 मध्ये, इथेच. मात्र पंचेचाळीस वर्षांनी, 1617 च्या अखेरीस जहांगीर आला तेव्हा चित्र पालटले होते. त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे, की मोठी जहाजे खंबायतेपर्यंत येत नाहीत. ती पलीकडच्या काठावर घोघ्याला नांगर टाकतात आणि माल गुराबांत भरून इथे आणला जातो. आपल्या काठावरचे, ढाढरच्या मुखाजवळचे गंधारही खंबायतेच्या मोठ्या जहाजांचे असेच उतरण्याचे ठिकाण होते. तळ वर येत होता आणि जहाजे दिवसेंदिवस मोठी होत होती. सुरतेला तापीचे मुख आणि सुवाळीचा खोल नांगरवाडा होता. व्यापारी कोणाशी भांडले नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळला आणि सुरत गाठली.

मराठे आणि खंबायत

अठराव्या शतकात मोगली सत्ता ढासळली आणि खंबायतेला मोमीनखानाचे नबाबी राज्य उभे राहिले. 1753 मध्ये रघुनाथराव पेशवे आणि दमाजीराव गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. 1756 च्या अखेरीस खंबायतेच्या दुसऱ्या मोमीनखानाने ते परत हिसकावले आणि दीर्घ वेढ्यानंतर 1758 च्या फेब्रुवारीत मराठ्यांच्या हवाली केले. खंबायतेच्या उत्पन्नावर पेशव्यांचा हक्क होता. तो पुढे 1802 च्या वसईच्या तहाने इंग्रजांकडे गेला.

या उथळ बंदराने मराठ्यांच्या इतिहासाला एकदा भलतेच वळण दिले. 1775 च्या आरंभी राघोबादादा गोविंदराव गायकवाडांच्या साथीने आपल्या बडोद्याला वेढा घालून बसले होते. आत फत्तेसिंगराव होते. पाठोपाठ पुण्याच्या कारभाऱ्यांचे सैन्य घेऊन हरिपंत फडके आले. वेढा उठला आणि फेब्रुवारीत आणंदजवळ आडासला दादांचा पराभव झाला. दादा पळाले ते खंबायतेकडे. नबाबाने मराठ्यांच्या भीतीने दरवाजे लावून घेतले. तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीतल्या चार्ल्स मॅलेटने त्यांना भावनगरला पोहोचवले. तिथून दादा सुरतेला गेले. मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि कर्नल कीटिंगची फौज घेऊन दादा समुद्रमार्गे पुन्हा खंबायतेलाच उतरले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध गुजरातेत पेटले ते असे. हाच मॅलेट पुढे सवाई माधवरावांच्या काळात पुणे दरबारी इंग्रजांचा पहिला रेसिडेंट झाला. व्यापारासाठी निरुपयोगी होत चाललेले बंदर फौज उतरवायला मात्र पुरेसे होते.

पुढे बडोदे संस्थानाला आधुनिक बंदर हवे होते. आपल्या राजधानीपासून सर्वांत जवळचा समुद्र खंबायतेच्या आखाताचा. परंतु सयाजीराव महाराजांनी 1926 मध्ये बंदर उघडले ते ओख्याला, संस्थानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, कारण खोल पाणी तिथे होते. खंबायतेपर्यंत 1901 मध्ये आणंद-पेटलादकडून रेल्वे आली. जहाजे गेली त्या गावाला आगगाडी मिळाली.

गाळाची दुसरी बाजू

इथवर वाचून गाळ हा खलनायक वाटेल. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटे. पण ज्या नद्यांनी बंदर बुजवले, त्यांनीच आणलेल्या मातीतून चरोतरची जमीन घडली. गुजरातेतील ही सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. त्याच्याही खाली, कोट्यवधी वर्षांपूर्वीपासून याच खोऱ्यात साचत आलेल्या गाळाचे प्रचंड जाडीचे थर आहेत. त्यांत तेल तयार झाले. 1958 मध्ये खंबायतेजवळ लुणेज येथे ओएनजीसीला तेल आणि वायू सापडला. पाठोपाठ अंकलेश्वर. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. आपल्या मंडळातली किती घरे रिफायनरी आणि ओएनजीसीच्या पगारावर उभी राहिली, ते सांगायला नको. त्या पगाराच्या मुळाशीही गाळच आहे.

आणि खंबायतेची माणसे? बंदर गेले म्हणून अकीकाचे कारागीर उठून गेले नाहीत. रतनपूरच्या खाणींतला दगड आजही तिथे येतो, भाजला जातो, घासला जातो. गावाजवळ राळेजला सिकोतर मातेचे देऊळ आहे. ही खलाशांची देवी. तिचे नाव एडनच्या वाटेवरील सोकोत्रा बेटावरून आले, असे मानतात. जहाजे थांबली, पण देवीला नवस अजून बोलले जातात.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे कोकणात आहेत. तिथेही हेच घडले. अशोकाचा शिलालेख सापडला ते सोपारे एकेकाळी पश्चिम किनाऱ्याचे मोठे बंदर होते, आज ते नालासोपारा नावाचे रेल्वे स्टेशन आहे. चौल आणि दाभोळ यांचीही तीच कथा. बंदरे शत्रूच्या तोफांनी क्वचित मरतात. ती मरतात दरवर्षी साचणाऱ्या त्या बोटभर मातीने, जिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

पुढे काय

आज महीवर वणाकबोरी आणि कडाणा आहेत, नर्मदेवर सरदार सरोवर आहे. धरणांनी शेते भिजवली, आपल्या नळाला पाणी आणले. पण आखाताकडे जाणारे गोडे पाणी कमी झाले, आणि मुखाचा गाळ ढकलणारा जोरही. आखातावरच बांध घालून गोड्या पाण्याचे सरोवर करावे, या 'कल्पसर' योजनेची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. ही कल्पना हिरिरीने मांडणाऱ्यांत आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अनिल काणे यांचे नाव अग्रभागी येते. योजना होईल तेव्हा होईल. आमच्यासारख्या कॅनॉलवरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एवढाच : गाळ कुठे जाणार?

तोच प्रश्न विश्वामित्रीचा आहे. पुरानंतर नदी खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले, ते आपण पाहिले. परंतु काठावर राडारोडा टाकला, ओढे बुजवून बांधकामे केली, नाल्यात प्लास्टिक सोडले, तर पाण्याचा वेग पुन्हा मंदावेल, आणि केनेडीचा नियम बडोद्याला माफी देणार नाही. मग गाळ आखातापर्यंतही जाणार नाही. तो आपल्या देवघरातच बसेल.

आमच्या घरी दोन वर्षांपासून शाडूचा गणपती येतो. शाडूची माती मुंबई-पेणकडेही भावनगरहून मोठ्या प्रमाणावर जाते, आणि भावनगर आहे याच आखाताच्या काठावर. अनंत चतुर्दशीला आम्ही घरीच बादलीत विसर्जन करतो. माती विरघळली की पाणी तुळशीला, आणि तळाशी बसलेली माती कुंडीत. गेल्या वर्षी बादली उचलताना आई म्हणाली, "ही नको हो खंबायतेला जायला."

नाही गेली. त्या कुंडीत सध्या सदाफुली फुलली आहे.

गणपती बाप्पा मोरया!